वऱ्हाड सापडेपर्यंत

२३ जून २०२५ ला विदर्भातल्या शाळा उघडल्या आणि त्याच आठवड्यात आमच्या शाळेच्या ग्रंथालयाचा पदभार माझ्याकडे आला. मी मराठी शिकवते. आधीचे ग्रंथपाल सर निवृत्त झाले होते, त्यांच्या जागी कुणी आलं नव्हतं. सरांनी निघताना तीन गोष्टी माझ्या हाती दिल्या: कपाटांच्या चाव्यांचा जुडगा, दाखल नोंदवहीचे सात खंड आणि एका जुन्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर लिहिलेला संगणकाचा पासवर्ड. चाव्या आणि नोंदवह्या मला लगेच समजल्या. तिसरी गोष्ट समजायला सहा महिने लागले. ते सहा महिने मी इथे लिहून ठेवते आहे, कारण बुलढाणा जिल्ह्याच्या तेरा तालुक्यांत अशा कितीतरी खोल्या असतील, जिथे पुस्तकांवर जीव असलेलं माणूस धूळ बसलेल्या पाच डब्यांसमोर उभं राहून विचार करत असेल की हे आता माझ्याकडे कसं आलं.

आमची शाळा चिखली तालुक्यातल्या एका गावात आहे. ग्रंथालय मैदानाच्या पलीकडच्या जुन्या इमारतीत. तिथे पाच संगणक. चार मुलांसाठी, पाचवा ग्रंथपालांच्या टेबलावर. चारांवर विंडोज ७ होतं, पाचव्यावर विंडोज १०. ग्रंथालयातल्या सगळ्या पुस्तकांची यादी याच पाचव्यात होती, आणि शाळेच्या इतर कुठल्याच यंत्रात तिची प्रत नव्हती. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. माहीत असतं तर पहिल्या दिवसापासून झोप लागली नसती.

सप्टेंबरमध्ये त्या पाचव्या संगणकाच्या पडद्यावर सूचना येऊ लागली: १४ ऑक्टोबर २०२५ नंतर विंडोज १० ला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणार नाहीत. मला वाटलं, त्या दिवशी यंत्र बंद पडेल. मी कार्यालयात धावत गेले. मुख्याध्यापक सर म्हणाले, "मॅडम, यातलं मलाही फारसं कळत नाही. तुम्ही माहिती काढा, खर्च किती येईल ते सांगा." माझ्याकडे एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्र होतं. पत्र टंकायला, तक्ता भरायला मी त्यात शिकले होते. यंत्र उघडल्यावर आत काय दिसतं, हे मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

चिखलीत संगणक दुरुस्तीचं दुकान चालवणारा आमचा एक माजी विद्यार्थी आहे. त्याला फोन केला. तो रविवारी मोटारसायकलवर आला आणि खरेदीची यादी मागायला वही काढून बसलेल्या मला म्हणाला, "मॅडम, आपण आधी काहीच विकत नाही घ्यायचं. आधी जे हाये ते पाहू."

जे आहे ते पाहणं

त्यानं मला आलेख कागद आणायला सांगितला. प्रत्येक तार कुठून निघते आणि कुठे जाते, ते आम्ही हातानं तार धरून पाहिलं. तोवर मी 'नेट' आणि 'नेटवर्क' एकच समजत होते. "आज नेट नाही" म्हणजे सगळंच बंद, असा माझा हिशेब. त्यानं दाखवलं की खोलीतल्या पाचही यंत्रांच्या तारा कपाटामागच्या एका छोट्या पेटीत जातात. तिला स्विच म्हणतात. त्या पेटीला वीज असेल तर बाहेरचं इंटरनेट असो वा नसो, ही पाच यंत्रं आपसात बोलू शकतात. पावसाळ्यात आमच्याकडे इंटरनेट दोन-दोन दिवस जातं. त्या दोन दिवसांतही मुलाला पुस्तक शोधता येईल, ही शक्यता मला तेव्हा पहिल्यांदा दिसली.

कपाट सरकवलं तर स्विचवर बोटभर धूळ आणि पालीची अंडी. पाच तारांपैकी एक उंदरांनी कुरतडलेली. कार्यालयातून मैदान ओलांडून येणारी मुख्य तार जमिनीत पुरलेली होती. आमचे शिपाई काका म्हणाले, "मॅडम, हे वायर मीच पुरेल हाये. पाइपात टाका म्हणलं होतं, पण पाइप कमी पडला." त्यांनी मैदानात जाऊन पाऊल टाकत दाखवलं, तार कुठून वळते, कुठे झाडाच्या मुळाला वळसा घालते. ही माहिती कुठल्याच कागदावर नव्हती. मी ती आलेख कागदावर उतरवली. तांब्याची अशी तार १०० मीटरपर्यंतच भरवशाची असते. आमची काकांच्या पावलांनी मोजून ८० मीटरच्या आसपास निघाली.

तारेचं टोक कापल्यावर आत आठ बारीक तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्या, प्रत्येक जोडीला पीळ. आमच्या मुख्य तारेच्या दोन्ही टोकांना आठपैकी चारच तारा जोडलेल्या होत्या. सेकंदाला १०० मेगाबिटच्या जुन्या पद्धतीला दोन जोड्या पुरतात. त्याच्या दहापट वेगाच्या गिगाबिट पद्धतीला चारही लागतात. म्हणजे इतकी वर्षं अर्धी तार जमिनीत निजलेलीच होती. नवी तार न घेता, नवी टोकं बसवून आणि स्विच बदलून वेग वाढणार होता.

टोक बसवायला मी शिकले. पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हा क्रम मी बाराखडीसारखा पाठ केला. पण पाठ करण्याआधी एक चूक केली, आणि तिनं मला सर्वांत जास्त शिकवलं. मला वाटलं, जोडीला जोडी लावावी: नारंगीची जोडी, मग हिरव्याची, मग निळ्याची, मग तपकिरीची. दोन्ही टोकांना तसंच केलं. तपासणीच्या छोट्या यंत्रावर आठही दिवे ओळीनं लागले. मी खूश. पण संगणक जोडल्यावर नेटवर्क येई, जाई, अडखळे. दोन संध्याकाळी मी तार बदलत राहिले. शेवटी आमच्या विद्यार्थ्यानं टोक हातात घेतलं आणि रंग बघताच कारण सांगितलं. तिसऱ्या आणि सहाव्या जागेवर एकाच जोडीच्या दोन तारा हव्यात, म्हणून हिरव्याची जोडी निळ्याला मध्ये घेऊन बसते. पिळामुळे जोडीतल्या दोन्ही तारांवर बाहेरचा गोंगाट सारखाच पडतो आणि पलीकडच्या टोकाला तो वजा होतो. मी तिसऱ्या जागेवर हिरव्या जोडीची तार आणि सहाव्या जागेवर निळ्या जोडीची तार बसवली होती. वीज पोहोचत होती म्हणून दिवे लागत होते, पण जोडी फुटल्यामुळे शेजारच्या तारांची गडबड संदेशात मिसळत होती. दिवा लागला म्हणजे काम झालं असं नाही, हे त्या दिवशी मनात पक्कं बसलं.

दुसरी चूक याहून मोठी. आवराआवर करताना एक तार लोंबकळत होती. तिचं एक टोक स्विचमध्ये होतं, दुसरं रिकामं. नीटनेटकं दिसावं म्हणून मी ते रिकामं टोकही त्याच स्विचमध्ये खोचलं आणि घरी जायला निघाले. मैदान ओलांडेपर्यंत कार्यालयातून हाक आली. यू-डायस प्लस या सरकारी पोर्टलवर शाळेची माहिती भरणं चालू होतं आणि सगळे संगणक एकदम गप्प झाले होते. नेटवर्कवर काही संदेश 'सगळ्यांसाठी' असतात. स्विच असा संदेश आला की तो सगळ्या वाटांनी पुढे पाठवतो. मी वाट वळवून पुन्हा त्याच पेटीत आणली होती. त्यामुळे तोच संदेश फिरून परत येई, पुन्हा सगळ्यांना जाई, पुन्हा परत येई. काही क्षणांत त्या घुसमटीत दुसऱ्या कशालाच जागा उरली नाही. तार काढली आणि मिनिटभरात सगळं पूर्ववत झालं. मी सरांना जाऊन सांगितलं की चूक माझी होती. ते म्हणाले, "कळलं ना काय झालं ते? मग झालं." त्या दिवसापासून प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना मी चिठ्ठी चिकटवते: कुठून, कुठे, कोणत्या तारखेला.

मुख्य तार दिवाळीच्या सुट्टीत काकांनी आणि मी पुन्हा खणून पीव्हीसी पाइपात घातली. स्विचला ग्रंथपालांच्या टेबलाखालच्या यूपीएसवर घेतलं, कारण वीज जाताना आणि येताना जो धक्का बसतो त्यानं आधीचे दोन ॲडाप्टर जळाले होते. जूनमधल्या विजांच्या वेळी संध्याकाळी जाताना मुख्य तार स्विचमधून काढून ठेवायची, हा नियम काकांनीच केला.

कोणती प्रणाली?

तारेचा प्रश्न सुटला तेव्हा माझी खरी भीती समोर आली. संगणकाची प्रणाली बदलायची म्हणजे आतलं सगळं पुसणार का?

आधी मला हे समजून घ्यावं लागलं की प्रणाली जुनी झाली तर बिघडतं काय. यंत्र चालतंच. पण प्रणालीत सापडलेली भोकं बुजवणारं कुणी उरत नाही. विंडोज ७ साठी ते काम १४ जानेवारी २०२० ला थांबलं होतं, म्हणजे मुलं वापरत होती ती चार यंत्रं पाच वर्षं उघड्या दारानं उभी होती. मे २०१७ मध्ये जगभर 'वॉनाक्राय' नावाचा हल्ला झाला तो असाच, फाइली वाटून घेण्याच्या सोयीतल्या एका भोकातून, एका यंत्रातून शेजारच्या यंत्रात शिरत. ते भोक बुजवणारी दुरुस्ती त्याच वर्षी मार्चमध्ये आली होती. ज्यांनी ती बसवली नव्हती त्यांना फटका बसला. आमच्याकडे मुलांच्या पेनड्राइव्हवर सगळे फोल्डर अचानक 'शॉर्टकट' होऊन जात, त्याला मी मुलांचा निष्काळजीपणा समजत होते. तो विषाणू आमच्याच यंत्रांतून त्यांच्याकडे जात होता. हे कळल्यावर मी वर्गात जाऊन मुलांची माफी मागितली.

विंडोज ११ आमच्या यंत्रांवर बसणार नव्हतं. त्याला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-सोय, ४ जीबी रॅम आणि मान्य यादीतला प्रोसेसर लागतो. इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा. आमच्या टेबलावरचा चौथ्या पिढीतला, बाकीचे चार त्याहून जुने आणि २ जीबी रॅमचे. पाच नवे संगणक घेण्याइतका निधी शाळेकडे नव्हता. आमचा विद्यार्थी म्हणाला, "मॅडम, लिनक्स लावून पाहू. आवडलं नाही तं परत काढू."

हे नाव मी ऐकलं होतं, पण ते शहरातल्या अभियंत्यांचं काहीतरी असावं अशी माझी समजूत. मग वाचत गेले. १९९१ मध्ये फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानं त्याचा गाभा लिहायला घेतला. ते फुकट मिळतं, वाटता येतं, आत काय आहे ते वाचता येतं. केरळमधल्या सरकारी आणि अनुदानित शाळा कितीतरी वर्षं त्यावरच चालतात. तिथल्या 'काइट' या सरकारी संस्थेनं शाळांसाठी स्वतःची लिनक्स प्रणाली बांधली आहे आणि शिक्षकांनाच तिचं प्रशिक्षण दिलं आहे. एका राज्यातल्या हजारो शिक्षकांना जे जमलं, ते आम्हाला पाच यंत्रांवर का जमू नये?

आम्ही लिनक्स मिंटची हलकी आवृत्ती निवडली. तिला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत. जवळजवळ ३ जीबीची फाइल मी मोबाइलच्या नेटवरून रात्रभर उतरवली आणि सकाळी पेनड्राइव्हवर चढवली, तर यंत्र मध्येच अडकलं. तेव्हा 'चेकसम' म्हणजे काय ते शिकले. फाइलमधल्या एकूण एक अक्षरावरून हिशेब करून एक लांबलचक खूण काढतात. एक अक्षर जरी बदललं तरी खूण पार बदलते. संकेतस्थळावर दिलेली खूण आणि माझ्या फाइलची खूण जुळेना. दुसऱ्यांदा उतरवली, जुळली, चालली.

मला सर्वांत धीर कशानं आला असेल, तर ही प्रणाली काहीही न पुसता पेनड्राइव्हवरूनच चालवून बघता येते यानं. दोन दिवस आम्ही तसंच केलं. आवाज येतो का, छापणी यंत्र ओळखतं का, मराठी दिसतं का, सगळं वहीत नोंदवलं. आणखी एक गोष्ट निघाली. चारही यंत्रांवरचं विंडोज ३२ बिटचं होतं, म्हणून मी यंत्रंही ३२ बिटची समजत होते आणि नवं मिंट तर ६४ बिटचंच असतं. प्रत्यक्षात प्रोसेसर ६४ बिटचे होते. अंगरखा लहान शिवला म्हणून माणूस लहान होत नाही.

ती चारही यंत्रं उघडली. रॅमच्या पट्टीची सोनेरी टोकं खोडरबरानं हलक्या हातानं पुसली, प्रत्येकात ४ जीबीची पट्टी वाढवली, जुन्या फिरत्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी बसवली. एका यंत्राचं घड्याळ दर वेळी मागे जाई आणि त्यामुळे सुरक्षित संकेतस्थळं उघडत नसत. संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राला मुदत असते, आणि यंत्राची तारीखच चुकली तर ते प्रमाणपत्र खोटं ठरतं. मदरबोर्डवरचा रुपयाएवढा सेल बदलला आणि तो त्रास संपला. बसस्थानकावर एसटीची वाट पाहावी तशी ज्या यंत्रांची मुलं वाट पाहायची, ती आता पाण्याचा तांब्या भरून येईपर्यंत सुरू झालेली असतात.

पाचव्या यंत्राला मात्र आम्ही हात लावला नव्हता. आमच्या विद्यार्थ्यानं निक्षून सांगितलं होतं, "याची आधी कॉपी. तीन ठिकाणी. मग पुढचं." पेनड्राइव्हवर एक, कार्यालयात एक, इंटरनेटवर एक अशा प्रती काढल्या, आणि त्यातली एक मी मिंट बसवलेल्या एका यंत्रावर उघडली.

तुटलेली अक्षरं

पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस, स्वल्पविराम, टिंबं यांचा ढीग होता. चार हजारांवर पुस्तकांची यादी, आणि तीत एकही मराठी शब्द नाही. माझे हात गार पडले. सरांनी कितीतरी वर्षं एका बोटानं टंकून केलेलं काम माझ्या हातून गेलं, असंच मला वाटलं.

गेलं नव्हतं. यादी एका जुन्या मराठी फॉन्टमध्ये टंकलेली होती. अशा फॉन्टमध्ये संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरंच असतात, फॉन्ट फक्त त्यांच्या जागी देवनागरीची चित्रं काढतो. फॉन्ट नाही, तर चित्र नाही. युनिकोडमध्ये तसं नसतं. १९९१ मध्ये आलेल्या त्या प्रमाणात जगातल्या लिप्यांना स्वतःच्या जागा दिलेल्या आहेत, देवनागरीच्या मुख्य विभागाला १२८. तिथे 'क' हा 'क' म्हणूनच साठवला जातो, कुठल्याही यंत्रावर, कुठल्याही फॉन्टमध्ये.

आणि मग एक जुनं कोडं सुटलं. ऑगस्टमध्ये नववीची मुलं लोणार सरोवराच्या प्रकल्पासाठी पुस्तकं शोधायला आली होती. उल्केच्या आघातानं बसाल्टच्या खडकात झालेलं हे विवर आमच्याच जिल्ह्यातलं, २०२० पासून रामसर यादीतलं पाणथळ. मुलांनी यादीत 'लोणार' शोधलं, काहीच आलं नाही. मी त्यांना "आपल्याकडे नाही" म्हणून परत पाठवलं. पुस्तकं होती. मुलं युनिकोडमध्ये 'लोणार' टंकत होती आणि यादीत ते इंग्रजी अक्षरांच्या रूपात निजलं होतं. पुस्तक कपाटात असूनही ग्रंथालय 'नाही' म्हणालं. ग्रंथालयासाठी याहून वाईट काही असू शकत नाही.

जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये नेणारी रूपांतरकं मिळतात. आम्ही एक चालवलं. पडद्यावर मराठी उमटलं आणि मी आनंदानं वाचू लागले, तर पहिल्याच पानावर शब्द आला: 'िवदभर्'.

विदर्भ तुटला होता. का, ते मराठीच्या शिक्षिकेला लगेच दिसलं आणि तिथे मी पहिल्यांदा या कामात पाय रोवून उभी राहिले. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरं डोळ्यांना दिसतात त्या क्रमानं टंकतात. पहिली वेलांटी 'व'च्या आधी दिसते म्हणून आधी. रफार 'भ'च्या डोक्यावर दिसतो म्हणून 'भ'नंतर. युनिकोड मात्र उच्चाराच्या क्रमानं चालतं: आधी 'व', मग त्याची वेलांटी, आधी अर्धा 'र', मग 'भ'. रूपांतरकानं चिन्हं बदलली होती, क्रम बदलला नव्हता. वेलांटी एक अक्षर पुढे आणि रफार एक अक्षर मागे न्यायचा, हा नियम मी कागदावर लिहून दिला आणि आमच्या विद्यार्थ्यानं तो तक्त्याच्या प्रणालीत बसवला. शेकडो शब्द एका दमात उभे राहिले.

'वऱ्हाड' हा शब्द त्याहून अवघड निघाला. मराठीत अर्धा 'र' दोन तऱ्हांचा आहे. 'आचार्यांना' नमस्कार करतात आणि 'आचाऱ्यांना' स्वयंपाक सांगतात. डोक्यावरचा रफार आणि आडवी चंद्रकोर यांत अर्थाचा फरक आहे. रूपांतरकाला तो कळत नव्हता. त्यानं 'वऱ्हाड'ची चंद्रकोर काढून 'ह'च्या डोक्यावर रफार ठेवला होता. त्यात भर म्हणजे ही चंद्रकोर युनिकोडमध्ये दोन रीतींनी साठवता येते. डोळ्याला दोन्ही एकच दिसतात, संगणकाला दोन वेगळे शब्द वाटतात. म्हणजे एका मुलानं बरोबर टंकलेला 'वऱ्हाड' दुसऱ्यानं बरोबर टंकलेल्या 'वऱ्हाड'शी जुळेलच असं नाही. आम्ही एक रीत ठरवली आणि सगळीकडे तीच केली. 'ॲ'चंही तसंच. 'सिंदखेडराजा' जोडून की तोडून, हा तर माणसांचाच वाद. दोन्ही रूपं नोंदीत ठेवली.

असे शब्द यंत्राला सापडत नाहीत, माणसालाच सापडतात. मग बरोबर काय, हे ठरवायचं कशावरून? तेव्हा सरांनी दिलेले ते सात खंड कामाला आले. दाखल नोंदवहीत प्रत्येक पुस्तकाला एक क्रमांक, एक ओळ, आणि ती ओळ हातानं लिहिलेली. नोव्हेंबरपासून रोज मधल्या सुट्टीत आठवी-नववीची मुलं बसू लागली. एकानं नोंदवहीतून मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं पडद्यावर बघायचं, चुकलं की थांबवायचं. दुरुस्ती इनस्क्रिप्ट कळफलकावर. त्यात स्वर डावीकडे, व्यंजनं उजवीकडे असतात, आठवड्यात मुलांची बोटं माझ्यापेक्षा वेगानं चालू लागली. पहिल्या खंडातलं अक्षर शाईचं, वळणदार. मधल्या खंडांत बॉलपेन आलं. शेवटच्या खंडात निवृत्त झालेल्या सरांचं बारीक अक्षर. एका मुलीला त्यात आपल्या आजोबांची देणगी सापडली, तेरा पुस्तकं, तारखेसह. तिनं ती ओळ तीनदा वाचली.

सोबत मी पुढची वाटही शोधत होते. ग्रंथालयांसाठी 'कोहा' नावाची मुक्त प्रणाली आहे. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ भागातल्या लहान ग्रंथालयांची जुनी प्रणाली सन २००० ओलांडू शकणार नव्हती. त्यांनी नवी करून घेतली, ३ जानेवारी २००० पासून वापरात आणली आणि जगासाठी खुली केली. माओरी भाषेत 'कोहा' म्हणजे भेट. केंद्र सरकारच्या एनआयसीची 'ई-ग्रंथालय' ही प्रणालीही आहे. आम्ही कोहा एका यंत्रावर चाचणीसाठी बसवलं आहे. पण ती चाचणी पुरी होईपर्यंत दुरुस्त केलेली यादी पाचव्या यंत्रावर, बाकीच्या चार यंत्रांना फक्त वाचता येईल अशी ठेवली आहे. इंटरनेट गेलं तरी ती उघडते. खुल्या, साध्या स्वरूपात असल्यामुळे उद्या कुठल्याही प्रणालीत नेता येईल.

डिसेंबरच्या अखेरीस सातवा खंड संपला. १२ जानेवारीला, जिजाऊ जयंतीच्या सकाळी, सिंदखेडराजाला निघण्याआधी मुलं भाषणाची तयारी करायला ग्रंथालयात आली. त्या दिवशी इंटरनेट नव्हतं. एका मुलानं 'सिंदखेड राजा' तोडून टंकलं, दुसरीनं जोडून. दोघांच्याही पडद्यावर तीच पुस्तकं आली, कपाट क्रमांकासह. मग ऑगस्टमध्ये रिकाम्या हातानं गेलेल्यांपैकी एकानं कुणी न सांगता 'लोणार' टंकलं. तीन पुस्तकं. तो उठला, कपाट उघडलं, तिन्ही काढून माझ्या टेबलावर ठेवली. काही बोलला नाही. मीही नाही.

संगणक बदलायचा म्हणून मी सुरुवात केली होती. आता वाटतं, संगणक दर काही वर्षांनी बदलणारच आहे, तारही बदलेल, प्रणालीही. आपल्याला जे पुढच्या किनाऱ्याला न्यायचं असतं ते म्हणजे नोंद: कुणी दिलेलं, कधी आलेलं, कुठे ठेवलेलं पुस्तक. ती ज्या भाषेत लिहिली त्या भाषेच्या रफार-वेलांटीसकट न्यायची असते. त्यासाठी संगणक समजणारं माणूस हवं, तसंच मराठी समजणारंही हवं आणि जमिनीतली तार आठवणारे काकाही हवेत.

लग्नपत्रिकेच्या पाठीवरचा पासवर्ड मी बदलला. त्याच्या जागी एक वही केली आहे. पहिल्या पानावर तारांचा नकाशा, काकांनी दाखवलेल्या झाडासकट. मग प्रत्येक यंत्राची नोंद, प्रती कुठे आहेत ते, दर महिन्याच्या १ तारखेला नवी प्रत काढल्याची सही. शेवटच्या पानावर, माझ्यानंतर ज्यांच्याकडे हा पदभार येईल त्यांच्यासाठी एवढंच लिहिलं आहे:

प्रणाली बदललीत की सगळ्यात आधी 'वऱ्हाड' शोधा. तो सापडला नाही, तर नोंदवही उघडा आणि मुलांना बोलवा.